नवी गाडी आणि लिटरभर तेल

सकाळी नऊच्या सुमाराला हिंजवडीच्या शिवाजी चौकात तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? वाकडच्या बाजूने येणारा माणसांचा लोंढा तिथून माणकडे आणि आयटी पार्काच्या निरनिराळ्या टप्प्यांकडे वळत असतो. मोटारी असतात, कंपन्यांच्या बसगाड्या असतात; आणि त्यांच्या मधल्या फटीफटीतून वाट काढीत चाललेल्या असतात त्या मोटरसायकली. त्यांवर बसलेला कुणी साताऱ्याकडचा, कुणी लातूरकडचा, कुणी इथलाच, मुळशीतल्या एखाद्या वाडीतला. पाठीवर पिशवी, डोक्याला हेल्मेट आणि खाली हप्त्यावर घेतलेली नवी कोरी गाडी.

आज मला बोलावयाचे आहे ते या नव्या गाडीच्या इंजिनात घालावयाच्या तेलाविषयी. विषय किरकोळ वाटेल. लिटरभर तेल, काही शे रुपयांचा मामला. त्यावर एवढे बोलण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या लिटरभर तेलावर लाखभर रुपयांच्या गाडीचे आयुष्य अवलंबून असते. शिवाय गाडी वॉरंटीत असेल, तर आणखी एक गोष्ट त्यावर अवलंबून असते. ती म्हणजे, उद्या इंजिन बिघडले तर त्याचा खर्च सोसायचा कोणी? कंपनीने, की तुम्ही?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या भाच्यामुळे. तो हिंजवडीत तिसऱ्या टप्प्यातल्या एका कचेरीत नोकरीला आहे आणि मारुंजीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी त्याने कर्ज काढून मोटरसायकल घेतली. पहिली फुकट सर्व्हिस त्याने वेळेवर करून घेतली. दुसऱ्या वेळी मात्र सुटी मिळेना. म्हणून तेल तेवढे बदलून घ्यावे या विचाराने तो रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गेला. तेलाचा डबा त्याने स्वतःच आणला होता. मला नंतर म्हणाला, "मामा, मी काही स्वस्तातलं घातलं नाही. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात महाग घेतलं. मोटारीत घालतात ते."

पंधरा दिवस गाडी बरी चालली. मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. मूठ पिळली की इंजिन जोरजोराने ओरडे. पण गाडी त्या मानाने पळेना. चढावर तर नुसता आवाज, ओढ नाही. अधिकृत सर्व्हिस केंद्रात नेली. तिथल्या माणसाने तेल पाहिले, वही पाहिली आणि सांगून टाकले, "बाहेरचं तेल घातलंय. तुमची वॉरंटी संपली."

त्या रविवारी पोरगा माझ्याकडे आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "मामा, अजून दोन वर्षांचे हप्ते आहेत. उद्या इंजिन गेलं, तर हप्ते भरू की इंजिन करू?"

मी आयुष्यभर तंत्रशाळेत मुलांना यंत्रे शिकवली. त्याला म्हटले, "आधी आपण दोन गोष्टी निरनिराळ्या करू. तेलाने काय केले हा एक प्रश्न. आणि कागदावर काय लिहिले आहे हा दुसरा. गाडीची पुस्तिका कुठे आहे?" पुस्तिका सीटखाली होती. ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून ती आली, त्याच पिशवीत. उघडलेलीसुद्धा नव्हती! तुमचीही बहुधा तशीच असेल. तेव्हा आजचे बोलणे संपल्यावर एवढे एक काम अवश्य करा.

प्रथम तेलाचे पाहू. तेल कशासाठी घालायचे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाक कसे किरकिरते आणि बैलाला कशी ओढ पडते, हे गावोगाव माहीत होते. लोखंडावर लोखंड घासू नये, मधे एक पातळसा थर असावा, हे वंगणाचे पहिले काम. इंजिनात तेलाला आणखीही कामे असतात. ते पिस्टनची आणि सिलिंडरची उष्णता वाहून नेते, जळलेल्या इंधनाची काजळी आपल्यात धरून ठेवते, आणि धातूला गंज चढू देत नाही. एकेकाळी यासाठी एरंडेल वापरीत. कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. आजचे तेल मात्र खनिज तेलापासून किंवा रासायनिक क्रियेने तयार केलेले असते आणि त्यात निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. सगळी गोम आहे ती या मिसळलेल्या द्रव्यांत.

ज्यांनी पुण्यात साठ-सत्तरच्या दशकात स्कूटर चालवली आहे, त्यांना आठवत असेल की तेव्हा तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालीत. ते इंजिन दोन फटक्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. तेल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि मागून निळा धूर निघे. पुढे चार फटक्यांच्या मोटरसायकलींचा जमाना आला, आणि धुराचे नियम कडक होत गेले तशी ती जुनी इंजिने रस्त्यावरून नाहीशी झाली. चार फटक्यांच्या इंजिनात तेल जळत नाही. ते खालच्या कुंडात साठते, वर खेळते, पुन्हा खाली येते. तेच तेल हजारो किलोमीटर राबते. म्हणून डब्यावर '२टी' आणि '४टी' अशा खुणा असतात. आजच्या मोटरसायकलीला '४टी' लागते, एवढी पहिली पायरी.

आता माझ्या भाच्याची चूक कुठे झाली ते सांगतो. मोटारीत इंजिनाचे तेल फक्त इंजिनाला असते. गिअरच्या पेटीला तिचे वेगळे तेल. आणि गिअर हाताने टाकण्याच्या साध्या मोटारीचा क्लच तर कोरडाच असतो. मोटरसायकलीचा संसार याच्या उलट, एकत्र कुटुंबाचा. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात नांदतात. क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या. स्प्रिंगच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. म्हणजे पाहा, इंजिनाला हवा निसरडेपणा आणि क्लचला हवी पकड. आणि तेल मात्र दोघांना एकच!

मोटारींच्या तेलात इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घालू लागले. मोटारीला ते उत्तम. पण तेच तेल मोटरसायकलीत घातले की क्लचच्या चकत्या एकमेकींवरून घसरू लागतात. घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. हा अनुभव जगभर येऊ लागला. तेव्हा जपानच्या मोटारगाडी मानक संघटनेने १९९८ साली चार फटक्यांच्या मोटरसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक काढले. त्या संघटनेचे थोडक्यात नाव जासो. ज्या तेलाने ओल्या क्लचची पकड टिकते त्याला 'एमए', आणि जे अधिक निसरडे आहे त्याला 'एमबी' अशी नावे दिली. २००६ साली 'एमए'चेही 'एमए१' आणि 'एमए२' असे दोन भाग केले. 'एमए२'ची पकड अधिक. 'एमबी' ही मुख्यतः गिअर नसलेल्या स्कूटरसाठी; कारण तिचा क्लच त्या तेलात बुडालेला नसतो. तेव्हा घरात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असेल, तर स्कूटरचा उरलेला डबा मोटरसायकलीत रिकामा करू नका. आधी दोन्ही पुस्तिका पाहा.

भाच्याने घातलेल्या तेलाच्या डब्यावर जासोचे नावच नव्हते. वाईट तेल होते का? मुळीच नाही. उत्तम तेल होते. पण ते दुसऱ्याच्या घरचे औषध होते. महाग म्हणजे योग्य, हा हिशेब औषधात चालत नाही आणि तेलातही चालत नाही.

डब्यावरची अक्षरे कशी वाचायची, ते आता क्रमाने सांगतो. पहिली खूण एसएईची. ही अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांची संस्था. तेलाच्या दाटपणाचे आकडे तिने ठरवलेले आहेत. 'एसएई १०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असे डब्यावर असते. यातला डब्ल्यू हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर पसरते. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. त्यासाठी शंभर अंश सेल्सिअसला मोजमाप करतात. तो आकडा जितका मोठा, तितके तेल उन्हाळलेल्या इंजिनात दाट राहते. '१०डब्ल्यू'ची परीक्षा शून्याखाली पंचवीस अंशांवर घेतात, '२०डब्ल्यू'ची शून्याखाली पंधरावर. तेवढी थंडी मुळशीत कधी पडत नाही हे खरे. तरीपण सकाळी गार इंजिन सुरू करताना पातळ तेल वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या सुरुवातीच्या क्षणांतच होत असते.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे. "आपला देश गरम, तेव्हा तेल दाट घाला." गॅरेजवाला सांगतो, शेजारी सांगतो. जुन्या गाड्यांच्या काळात त्यात तथ्य होते. आज इंजिनातल्या फटी, तेलाच्या वाटा आणि पंप हे सारे एका ठराविक दाटपणासाठी आखलेले असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळशा गाड्यांना '१०डब्ल्यू-३०' सांगितलेले असते. रॉयल एन्फील्डच्या तीनशे पन्नास सीसीच्या गाडीला '१५डब्ल्यू-५०'. म्हणजे एकाच चौकात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांना हवा तीच, ऊन तेच, पण तेल निराळे. हवा पाहून तेल ठरवण्याचे काम कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच केलेले आहे. तुम्ही फक्त पुस्तिकेत दिलेला आकडा पाहायचा. सांगितलेल्यापेक्षा दाट तेल घातले तर इंजिन जड चालते, पेट्रोल जास्त लागते आणि सकाळी तेल वर चढायला उशीर होतो. फार पातळ घातले तर तापल्यावर मधला थर तुटतो.

दुसरी खूण एपीआयची. ही अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांच्या तेलाला ती 'एस'ने सुरू होणारी जोडअक्षरे देते : एसजे, एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० पासून एसपी. वर्णमालेत पुढचे अक्षर म्हणजे नंतरची, अधिक कडक परीक्षा. पुस्तिकेत एसएल लिहिले असेल आणि डब्यावर एसएन असेल, तर हरकत नाही; नवी पायरी जुनीचे काम करते. उलट मात्र करू नये. आणि एपीआयच्या वर्तुळात खालच्या बाजूला इंधन किंवा साधनसंपत्ती वाचवणारे अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतील, तर ते तेल ओल्या क्लचच्या गाडीत घालू नये.

तिसरी खूण जासोची. ती सांगून झाली. दाटपणा, एपीआय आणि जासो अशा तिन्ही खुणा पुस्तिकेशी जुळल्या की तेल योग्य. ते खनिज आहे, अर्धे सिंथेटिक आहे की पूर्ण सिंथेटिक आहे, हा त्यानंतरचा प्रश्न. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकते हे खरे. पण पुस्तिकेत मागितलेले नसेल तर त्यावाचून गाडीचे अडत नाही.

इथे माण-मारुंजीच्या शेतकरी मंडळींना एक शब्द सांगतो. घरी ट्रॅक्टर असतो, त्याच्या तेलाचा मोठा डबा असतो आणि त्यातलेच थोडे मोटरसायकलीत जाते. तसे करू नका. डिझेल इंजिनाचे तेल भरपूर काजळी सोसण्यासाठी केलेले असते. ओल्या क्लचची परीक्षा त्याने दिलेली नसते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या भारत-स्टेज सहाच्या आहेत. त्यांच्या नळकांड्यात धूर शुद्ध करणारे जे यंत्र असते, त्याला जास्त राख सोडणारे तेल मानवत नाही.

आता आपल्या हिंजवडीचे म्हणून जे खास दुखणे आहे, त्याकडे वळतो. पुस्तिकेत लिहिलेले असते की इतक्या हजार किलोमीटरला तेल बदला. पण इंजिन किलोमीटर मोजीत नाही, ते तास मोजते. हिशेबच करून पाहा. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या चालीने तीन हजार किलोमीटर जायला इंजिन साठ तास चालते. तेच अंतर भूमकर चौकातून रांगत, सरासरी बारा किलोमीटरच्या चालीने कापले, तर इंजिन अडीचशे तास चालते. मीटरवरचा आकडा एकच. पण राबणूक चौपटीहून अधिक! त्यातून हवेने थंड होणारे इंजिन गाडी उभी असली की थंड होत नाही. पहिला-दुसरा गिअर, अर्धवट दाबलेला क्लच, एप्रिल-मेचे ऊन. अशा वेळी तेल चांगलेच भाजून निघते. दुसरी बाजू म्हणजे घर ते कचेरी दोन-तीन किलोमीटरच असणाऱ्यांची. त्यांचे इंजिन पुरते तापतच नाही, आणि आत साचलेले पाण्याचे बाष्प उडून जात नाही. म्हणून पुष्कळ पुस्तिकांत कठीण परिस्थितीत तेल लवकर बदला अशी सूचना असते. आपण ती आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटतो. हिंजवडीच्या माणसाने ती आपल्यासाठीच आहे असे समजावे.

आणि बदलण्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तेलाची पातळी पाहणे. इंजिने चुकीच्या तेलाने बिघडतात त्याहून कितीतरी जास्त कमी तेलाने बिघडतात. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी धरायला सांगून सरळ उभी करा. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि मग मोजपट्टी किंवा काचेची खिडकी पाहा. मोजपट्टी नुसती टेकवायची की आटे फिरवून बसवायची, हे गाडीगाडीप्रमाणे निराळे असते. पुस्तिकेत चित्र दिलेले असते. वरच्या खुणेच्या वरही तेल जाऊ देऊ नका. तेल काळे झाले म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण ते दुधाळ दिसले, तर पाणी गेले आहे असे समजा.

आता दुसरा प्रश्न, कागदाचा. वॉरंटी म्हणजे दान नव्हे आणि मेहेरबानीही नव्हे. तो तुमच्यात आणि कंपनीत झालेला करार आहे. गाडीच्या किमतीतच त्याचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत. पण करार म्हटला की तो दोन्ही बाजूंना बांधतो. त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात. एक, ठराविक किलोमीटर किंवा ठराविक दिवस, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिस करून घेतली पाहिजे. दोन, सांगितलेल्या दर्जाचे तेल वापरले पाहिजे. तीन, झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे क्लचच्या चकत्या, ब्रेकचे शू, तेल, फिल्टर, बहुधा वॉरंटीत येत नाहीत. यातले 'दिवस' लोक विसरतात. गाडी दोन महिने गावी उभी होती, किलोमीटर झालेच नाहीत, म्हणून सर्व्हिस चुकवली. आणि पुढे त्याच कारणाने मागणी नाकारली गेली, असे पुष्कळदा होते.

तेलाच्या कलमात दोन शब्द निरनिराळे वाचावयाचे असतात : दर्जा आणि छाप. 'या दर्जाचे तेल वापरा' ही अट रास्त आहे, तिचे कारण यंत्रात आहे. 'आमच्याच छापाचे तेल वापरा' ही बहुधा शिफारस असते. अमेरिकेत १९७५ सालापासून असा कायदा आहे की, विशिष्ट छापाची वस्तू वापरली तरच वॉरंटी, अशी अट कंपनीला घालता येत नाही. ती वस्तू फुकट दिली तर गोष्ट निराळी. आपल्याकडे अगदी तसा कायदा नाही. पण २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देताना सांगितले की, ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. तो निर्णय मोटारींपुरता होता आणि पुढे अपिलातही गेला, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु त्यातला न्याय सरळ आहे. ज्याने जे बिघडवले, त्याने तेवढे भरावे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, एक वस्तू देण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची सक्ती करणे हा निर्बंधकारक व्यापार मानलेला आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. म्हणजे गाडी लातुरात घेतली असली, तरी हिंजवडीत राहणाऱ्याला पुण्यात दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीला फोन करता येतो. पुष्कळ भांडणे तिथेच मिटतात.

हे सारे त्या रविवारी आम्ही दोघांनी पुस्तिका मधे ठेवून पाहिले. पुस्तिकेत जासो एमए२ लिहिले होते. तेव्हा चूक आपली, हे प्रथम मान्य करणे भाग होते. पोराला ते जड गेले. म्हणाला, "पण मामा, त्या गॅरेजवाल्यानं सांगायला नको होतं का?" सांगायला हवे होते, पण डबा तू नेलास, आणि पुस्तिका तुझ्या सीटखाली होती. हे झाल्यावर मी म्हटले, "आता तुझा हक्क किती ते पाहू. क्लच घसरला तो तेलाने. पण त्या तेलाने गाडीचा दिवा बिघडला काय? स्टार्टर बिघडला काय? मग सगळी वॉरंटी संपली, हे कोणत्या कलमाने?"

दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हिस केंद्रात एक साधा अर्ज दिला. भांडण नाही, धमकी नाही. दोनच वाक्ये : 'क्लचच्या चकत्यांचा खर्च मी देतो. उरलेली वॉरंटी रद्द झाली असे आपले म्हणणे असल्यास कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्यावे.' तोंडी बोललेला माणूस कागद पुढे आला की जरा विचार करतो. व्यवस्थापकाने वही पाहिली, पुस्तिका पाहिली. जुने तेल काढून योग्य तेल घातले. चकत्या जळल्या होत्या, त्या बदलल्या. त्याचे पैसे पोराने दिले. आणि कामाच्या कागदावर लिहून मिळाले की, क्लचचे काम ग्राहकाच्या खर्चाने, बाकी वॉरंटी चालू. पुढे चार महिन्यांनी स्टार्टरची मोटर बिघडली, ती वॉरंटीत फुकट बदलून मिळाली. तो कागद नसता, तर पुन्हा पहिल्यापासून वाद.

तर मग वॉरंटीत असताना तेल कोणते आणि कुठे घालावे? माझे मत विचाराल तर ते अगदी घरगुती आहे. वॉरंटीची वर्षे संपेपर्यंत तेल अधिकृत केंद्रातच बदलून घ्यावे. तिथे दोन-तीनशे रुपये जास्त पडतील. पण त्या पैशांत तेलाबरोबर एक नोंदही मिळते. ती नोंद म्हणजे तुमचा साक्षीदार. तुमचा हक्क असला तरी प्रत्येक हक्क बजावण्यापायी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात, असे नाही. कधी मुक्कामी गावी असाल, केंद्र जवळ नसेल आणि बाहेर तेल बदलणे भागच असेल, तर तिन्ही खुणा जुळवून तेल घ्या. डब्याचे सील पाहा. बनावट तेल बाजारात असते, म्हणून पेट्रोलपंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून घ्या. पावती घ्या, तिच्यावर तेलाचा दर्जा आणि गाडीच्या मीटरचा आकडा लिहून घ्या. डब्याचा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. आणि सर्व्हिसची तारीख मात्र अधिकृत केंद्रात पाळा. तेल बाहेर बदलले म्हणून सर्व्हिस झाली असे होत नाही. माझ्या भाच्याची दुसरी चूक तीच होती.

केंद्रातही एक काम करा. डोळ्यांसमोर डबा उघडायला सांगा, किंवा कोणते तेल घातले ते बिलावर लिहून मागा. यात कुणाचा अपमान नाही. वाणी तराजू आपल्यासमोर धरतो, तो काही आपला वैरी म्हणून नव्हे.

शेवटी एक गोष्ट जुन्या तेलाविषयी. काढलेले काळे तेल गटारात ओतू देऊ नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. हिंजवडीचे ओढे मुळा नदीला मिळतात, आणि तेलाचा पातळ तवंग पाण्यावर फार दूरवर पसरतो. अधिकृत केंद्र ते साठवून प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवते. आणि रिकाम्या डब्याला भोक पाडायला सांगा, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जायचा नाही.

चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला भाचा मला मागे बसवून गेला होता. चौकात नेहमीसारखीच गर्दी. गाडी रांगत होती, इंजिन तापले होते. पण मूठ पिळली की गाडी मुकाट्याने पुढे सरकत होती. मी विचारले, "पुस्तिका कुठे आहे रे?" म्हणाला, "मामा, आता घरी कपाटात ठेवलीय. अर्ध्याहून जास्त वाचलीय." मी म्हटले, "उरलेली हप्ते फिटायच्या आत वाच."

तुम्हालाही माझे तेवढेच सांगणे आहे.